कपाळ दुखतं म्हणून एक्सएल हेल्मेट घेऊ नका, भाऊ

आर्णीकडून पत्र आलंय, नाव छापू नका म्हणून सांगितलंय म्हणून छापत नाही. पत्र असं:

"ताई, आर्णीच्या पुढं आमचं गाव हाय. कृषी केंद्रात काम करतो, गाडीनं यवतमाळले रोजचं जानं-येनं. दिवाळीत हेल्मेट घेतलं, एम साइज. वीस मिन्टं झाले का कपाय असं दुखे का काढून फेकावं वाटे. दुकानदारानं बदलून एल देलं. आता कानापाशी ढिलं हाय, मान वळवली तं हेल्मेट तिथंच रायते, अन् कपाय अजूनबी दुखतेच. म्हणून बहुतेक टाकीवरच रायते. एक्सएल घेऊ काय? आई म्हणते तुह्यं डोस्कंच लांबट हाय, लहानपणी मोहरीच्या उशीवर टिकलाच नाही तू. उन्हायात दुपट्टा बांधून घालाव लागते ते येगळंच. बायको मांगं बसते तिच्यासाठी तं घेतलंच नाही अजून. काय करू?"

भाऊ, एक्सएल घेऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचता वाचताच मला वाटलं की हा माणूस उद्याच दुकानात जाऊन उभा राहील.

आईचं म्हणणं मला एकदम पटलं बरं का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. डोकं लांबट असणं म्हणजे काही खोट नाही. आपल्याकडे लेकराच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात, टाळूवर तेल जिरवताना आजी दोन्ही हातांनी डोकं गोल गोल करत बसते, तरी मोठं झाल्यावर वरून पाहिलं तर कोणाचं डोकं कवठासारखं गोल, कोणाचं पपईसारखं लांबट आणि बाकी बहुतेकांचं दोघांच्या मधलं. हेल्मेटच्या धंद्यात यालाच राउंड ओव्हल, लाँग ओव्हल आणि इंटरमीडिएट ओव्हल म्हणतात. लाँग ओव्हल म्हणजे कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर जास्त आणि कानापासून कानापर्यंतचं त्या मानानं कमी. बाजारातली बहुतेक हेल्मेटं मधल्या आकाराची असतात, जास्त लोकांना तीच बसतात म्हणून.

आता लांबट डोकं त्या मधल्या आकारात गेलं की काय होतं पाहा. पुढून कपाळ आणि मागून उंचवटा, दोन्हीकडून चिमटा बसतो, आणि कानाच्या वर दोन्ही बाजूला जागा मोकळी राहते, तुमच्या हेल्मेटात तिथं बोट घालून पाहा, आरामात जाईल. एम बदलून एल घेतलं की पुढचा-मागचा चिमटा थोडासा सैल होतो पण बाजूची पोकळी आणखी वाढते, म्हणून मान वळते आणि हेल्मेट तिथंच राहतं. एक्सएलमध्ये कपाळ कदाचित दुखायचं थांबेल, पण मग डोक्यावर गंज पालथा घातल्यासारखं होईल, वाऱ्यानं उचलेल, खड्ड्यात गाडी आदळली की डोळ्यांवर येईल. आणि अजून एक, जे दुकानात कोणी सांगत नाही: बऱ्याच मॉडेलमध्ये दोन-तीन साइजचं बाहेरचं कवच आणि आतलं थर्माकोल एकच असतं, फक्त कापडाखालचा फोम जाड किंवा पातळ असतो. म्हणजे कपाळाला जे कडक लागतंय ते दोन्ही साइजमध्ये सारखंच. एम गेलं एल आलं तरी तुमचं दुखणं गेलं नाही, त्याचं कारण हे असू शकतं.

गोल डोक्याच्या माणसाचं याच्या उलट, त्याची कानशिलं ठणकतात आणि कपाळापुढे फट राहते. म्हणून मला कोणी हेल्मेटचं विचारलं की मी साइज विचारतच नाही, दुखतं कुठं ते विचारते.

ढिल्या हेल्मेटची मला एवढी भीती का, तेही सांगते. मी बावीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून काढली, अपघाताचे पेशंट पाहिले, पण ही गोष्ट घरची आहे. माझा चुलतभाऊ, कापूस वेचणीचे दिवस होते, अंधार पडता पडता गाडीवर वर्धेकडे येत होता, देवळीच्या अलीकडे रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा आला. डोक्यात हेल्मेट होतं, पट्टाही लावलेला होता. पण आत दुपट्टा मावावा म्हणून एक साइज मोठं घेतलेलं आणि गळ्याला टोचतं म्हणून पट्टा लांब सोडलेला. पहिल्याच आपटीत हेल्मेट निघून तुरीत जाऊन पडलं, डोकं त्याच्यानंतर गिट्टीवर आदळलं. दुसऱ्या दिवशी काकांनी ते हेल्मेट घरी आणलं, त्यावर एक ओरखडा नव्हता. भाऊ १९ दिवस नागपूरला भरती होता. वाचला, आज शेती करतो, पण त्याला वास येत नाही. वासाच्या नसा कवटीच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून वर जातात, डोक्याला जोराचा हिसका बसला की त्या तुटतात आणि बऱ्याच लोकांचा वास मग परत येत नाही. घरात गॅस सुटला तरी त्याला कळत नाही, म्हणून वहिनी रोज रात्री झोपायच्या आधी स्वतः सिलिंडरचं बटन बंद करते. मला दरवेळी ते पाहून ते कोरं करकरीत हेल्मेट आठवतं.

हेल्मेटचं काम आत चालतं. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि आतलं थर्माकोल, त्याला ईपीएस म्हणतात, ते दबतं, चुरतं, आणि तेवढ्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये डोक्याचा वेग कमी होतो, मेंदूला बसायचा झटका ते स्वतः खातं. पण हे व्हायचं तर मार लागताना ते डोक्यावर जागच्या जागी पाहिजे ना. आणि दुखतं म्हणून टाकीवर ठेवलं तर विषयच संपला. कोक्रेन म्हणून वैद्यकीय अभ्यास तपासणारी एक संस्था आहे, २००८ साली तिथल्या लोकांनी वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले होते, मोटरसायकलवाल्याचा मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. यातलं काहीच टाकीवरच्या हेल्मेटला लागू नाही.

तर आता माप घ्या. आजच घ्या, घरी, वहिनीला, म्हणजे तुमच्या बायकोला, सोबत घेऊन. शिंप्याचा टेप, नसेल तर सुतळी आणि लेकराची पट्टी. भुवयांच्या एक इंच वरून, कानांच्या वरून आणि मागं जिथं डोकं सगळ्यात बाहेर आलंय तिथून गोल फिरवायचं, तीनदा घ्यायचं आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. समजा ५८ सेंटिमीटर आले तर हेल्मेटच्या स्टिकरवर ५८० शोधा, कारण तिथं मिलिमीटरमध्ये असतं. एम-एलवर जाऊ नका, एका कंपनीचं ५८० म्हणजे एम, दुसऱ्या कंपनीचं ५८० म्हणजे एल, यात लय लोक फसतात.

हे झालं घेराचं. घेर सारखा असून आकार वेगळा असू शकतो, म्हणून दुसरं माप पाहिजे आणि ते कोणी घेतच नाही. जाड पुठ्ठ्याची दोन पुस्तकं घ्या, एक कपाळाला आणि एक मागच्या उंचवट्याला टेकवून सरळ धरायला सांगा, दोन्हींमधलं अंतर मोजा, ही लांबी. मग तीच पुस्तकं कानांच्या वर दोन्ही बाजूंना लावून मोजा, ही रुंदी. रुंदीला लांबीनं भागा आणि १०० नं गुणा. समजा लांबी २० आणि रुंदी साडेचौदा, तर साडेबहात्तर येतात. ७५ च्या खाली आलं तर डोकं लांबट, ८० च्या वर गेलं तर गोल, मधलं ते मधलं. हा हिशेब मानववंशशास्त्रातला आहे, हेल्मेटच्या डब्यावर असं काही लिहिलेलं नसतं, पण आपण कुठं आहोत ते यातून समजतं. पुस्तकांची खटपट नको असेल तर केस ओले करून चापून बसवा आणि वहिनीला डोक्याच्या बरोबर वरून मोबाइलनं फोटो काढायला सांगा, त्यातही दिसतं. तुमचा आकडा ७५ च्या खाली येईल असं मला पत्रावरूनच वाटून राहिलं, पण मोजा, अंदाजावर पैसे घालवू नका.

मग दुकान. ऑनलाइन मागवू नका यावेळी, दोन पैसे स्वस्त पडलं तरी. यवतमाळला तर रोजच जाता, एक दिवस काम लवकर आटपा आणि जिथं तीन-चार कंपन्यांची हेल्मेटं ठेवतात अशा दुकानात जा, कारण एकाच कंपनीची दहा मॉडेलं पाहण्यापेक्षा वेगवेगळ्या कंपन्यांची चार डोक्यात घालून पाहिलेली बरी, प्रत्येकाचा साचा वेगळा. दोन्ही पट्टे धरून बाहेर ताणायचे आणि मग खाली ओढायचं, घालताना थोडं कष्टानं गेलं पाहिजे. गाल दोन्हीकडून दाबले जातील, तोंडात बोरं भरल्यासारखं वाटेल, नव्या हेल्मेटला ते बरोबर आहे. कपाळाला, कानशिलांना, मागं, सगळीकडे सारखा स्पर्श पाहिजे, कुठं टोचायला नको आणि कुठं फट नको. आता हेल्मेट दोन्ही हातांनी घट्ट धरून डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा, कपाळाची कातडी हेल्मेटसोबत ओढली गेली तर चांगलं, हेल्मेट कातडीवरून घसरलं तर ठेवून द्या. मग पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका, आणि सोबतच्या माणसाला सांगा की मागून खालची कड धरून पुढच्या बाजूला उलथवून पाहा, जोर लावून. निघालं तर ते हेल्मेट तुमचं नाही, कितीही आवडलं असेल, रंग कितीही भारी असेल. माझ्या भावाचं असंच निघालं होतं.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेजण तिचाच कंटाळा करतात. हेल्मेट डोक्यात ठेवून दुकानात अर्धा तास बसा. खरंच अर्धा तास, घड्याळ लावून. दुकानदार पाहील, पाहू द्या, त्याला सांगा की मागचं दुखत होतं म्हणून बसलोय, चांगला दुकानदार स्वतःच स्टूल देतो. दोन मिनिटांत कोणतंही हेल्मेट चांगलंच वाटतं, तुमचंही दिवाळीत चांगलंच वाटलं होतं, दुखायला वीस मिनिटं लागली. अर्ध्या तासानं काढा आणि लगेच आरशात पाहा. सगळीकडून फिक्कट गुलाबी पट्टी उठली असेल तर हरकत नाही. कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल डाग उठला असेल तर तो साचा तुमच्या डोक्याचा नाही, दुसरं मॉडेल मागा, त्याच मॉडेलची मोठी साइज मागू नका.

दुकानदार म्हणेल, "वापरून वापरून बसते भाऊ." गालाच्या बाबतीत ते खरं आहे, गालाचा फोम महिना-दीड महिन्यात दबतो, म्हणून गाल थोडे घट्टच घ्यायचे, आणि काही मॉडेलमध्ये गालाचे पॅड वेगळे मिळतात, जाड-पातळ बदलता येतात, ते विचारून घ्या. तुमच्यासारख्याला असं मॉडेल फार कामाचं, पुढून-मागून बसणारं कवच मिळालं आणि बाजूला थोडी जागा उरली तर पॅडनं भरता येते. कपाळाच्या बाबतीत मात्र ते खरं नाही, तिथं पातळ फोमच्या मागं थर्माकोल आहे आणि ते वापरून बसत नाही. आणि हात जोडून सांगते, ब्लेडनं किंवा चमच्यानं ते थर्माकोल आतून खरवडू नका. मी असे लोक पाहिलेत, कपाळापुरतं थोडंसं काढलं ताई, आता मस्त बसतं म्हणतात. अहो, डोक्याला वाचवणारा भाग तोच आहे, तोच कोरून काढला तर उरलं काय.

दुपट्ट्याचं. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत बिना दुपट्ट्यानं आपल्याकडे कोणी घराबाहेर पडत नाही, आणि पडूही नये, उन्हाचे पेशंटही मी तेवढेच पाहिलेत. पण जाड दुपट्ट्याचे चार वेढे डोक्यावर आणि त्यावर हेल्मेट, हे करू नका, आणि दुपट्ट्यासाठी मोठं हेल्मेट तर मुळीच घेऊ नका, कारण उन्हाळा गेला की आठ महिने ते ढिलंच राहणार. डोक्यावर एकपदरी सुती टोपी किंवा पातळ मास्क घाला, घाम पण तोच शोषतो, आणि दुपट्टा ओला करून मान, कान, तोंड असा हेल्मेटच्या खालून गुंडाळा, टोकं नीट खोचा, चाकात जायला नको. हेल्मेट पाहायला जाताना ती टोपी सोबत न्या आणि घालूनही पाहा. पांढरं किंवा फिक्कट रंगाचं घ्या, उन्हात कमी तापतं आणि संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसतं. वरच्या आणि हनुवटीच्या हवेच्या खिडक्या उघडतात का पाहा. आतलं कापड काढून धुता येतं का तेही पाहा, नाहीतर जूनपर्यंत वासानंच घालवणार नाही. काच साधी, पांढरी. काळ्या काचेतून रात्री रोही दिसत नाही, रानडुक्कर तर नाहीच नाही. आणि फुल फेसच घ्या, अर्ध्या हेल्मेटात जबडा आणि दात उघडे राहतात, तारेनं बांधलेला जबडा घेऊन दीड महिना पातळ वरणावर राहिलेली पोरं मला माहीत आहेत.

रस्त्याच्या कडेला दोरीला लटकवलेली दोनशे-अडीचशेची हेल्मेटं असतात ती डोक्याच्या कोणत्याच आकाराला चालत नाहीत. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. मागच्या बाजूला आयएस ४१५१, म्हणजे हेल्मेटच्या मानकाचा नंबर, आणि खाली सीएम/एल, म्हणजे कंपनीच्या लायसनचा नंबर असतो, मोबाइलवर बीआयएस केअर ॲप घ्या आणि तो नंबर टाकून पाहा, कोणत्या कंपनीचं लायसन आहे ते येतं. नुसतं स्टिकर चिकटवलेलं असेल तर तिथंच कळतं. हजार-दीड हजारात आयएसआयचं चांगलं फुल फेस मिळतं, एका बियाण्याच्या बॅगेत गेले असं समजा. खरं सांगायचं तर तीन हजाराचं न बसणारं आणि हजाराचं नीट बसणारं, यात मी डोळे झाकून हजाराचं घेईन.

हेल्मेटच्या या विचाराला जोर कुठून आला ते मला नर्सिंगला असताना एका सरांनी सांगितलं होतं, तेव्हापासून डोक्यात राहिलंय. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून जो इंग्रज प्रसिद्ध आहे तो १९३५ च्या मे महिन्यात मोटरसायकलवरून पडला, डोक्यात काही नव्हतं, सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे सैन्यातल्या मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमा गोळा करून १९४१ मध्ये लेख लिहिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं आपल्या मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. एक पेशंट वाचवता आला नाही म्हणून एवढं काम केलं माणसानं.

आणि आता वहिनींचं. पत्रात तुम्ही ते सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलं, मला ते सगळ्यात जास्त लागलं. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यावर गेले, हा रस्ते मंत्रालयाचा आकडा आहे, आणि त्यात १४,३३७ मागं बसलेले होते. कायद्यातही, कलम १२९ मध्ये, चालवणारा आणि बसणारा दोघांनाही सारखंच सांगितलंय, चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला. एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बाईचा तर गचका बसला की लगेच तोल जातो, पडली की डोकं आपटू शकतं. तुमचं जुनं एल त्यांना देऊ नका, ते त्यांच्या डोक्यात फिरेल. त्यांचंही माप घ्या, बायकांना बरेचदा ५६० किंवा त्याहून लहान लागतं, आणि दुकानात जाताना अंबाडा घालून येऊ नका म्हणावं, रोज बसताना जशी खाली सैल वेणी घालतील तशीच घालून या, कारण अंबाड्यावर हेल्मेट उंच राहतं आणि मागून उघडं पडतं.

तुमच्या एलचं म्हणाल तर विकू नका, वापरूही नका. त्याच्या मापाचं, मधल्या आकाराचं डोकं घरात किंवा केंद्रात कोणाचं असेल तर वर सांगितलं तसं अर्धा तास घालून पाहू द्या, बसलं तर देऊन टाका, म्हणजे ते एकाच्या तरी कामी येईल. एकदाही आपटलेलं असेल तर मात्र देऊ नका, थर्माकोल एकदाच दबतं, वरून कळत नाही. आणि नवं आणलं की गाडीच्या आरशावर अडकवू नका, आतून खड्डा पडतो, पेट्रोलच्या कॅनजवळ तर ठेवूच नका, पेट्रोलनं कवच खराब होतं.

लांबी, रुंदी आणि घेर, तीन आकडे दोघांचेही कागदावर लिहून खिशात ठेवा आणि या शनिवारी दोघं मिळून जा. चार-पाच मॉडेल घालूनही कपाळाला लाल डाग येतच राहिला तर मला आकड्यांसकट परत लिहा, कोणत्या मॉडेलात कुठं दुखलं तेही लिहा, आपण पुढचं पाहू. तोवर यवतमाळला एसटीनं जा भाऊ.